सुरक्षापट्टा व वायुपिशवी

मोटारगाडीला धडक बसली असता आतील व्यक्ती आसनावरून फेकली जाऊन गाडीच्या कठीण भागांवर आदळू नये किंवा गाडीबाहेर पडू नये, यासाठी योजलेली साधने. व्यक्तीला आसनाशी बांधून ठेवणाऱ्या पट्ट्यास सुरक्षापट्टा वा व्यवहारात सीट बेल्ट म्हणतात. धडकेच्या क्षणी वायूने फुगून व्यक्ती व गाडीचा अंतर्भाग यांच्यामध्ये उशीसारख्या उभ्या राहणाऱ्या कापडी पिशवीस वायुपिशवी किंवा एअर बॅग म्हणतात. या दोहोंमुळे अपघात टळत नाही; अपघातात शरीरास होणारी इजा मात्र बरीच कमी होते. दोहोंपैकी पट्टा हे मूळ साधन असून पिशवी त्याला पूरक आहे. पट्टा न बांधता केवळ पिशवीवर विसंबून राहणे अपुरे तर असतेच, शिवाय काही परिस्थितींत ते प्राणघातकही ठरते. असे का होते, हे दोन्ही साधनांच्या कार्यपद्धतीवरून व इतिहासावरून स्पष्ट होते.

कार्यतत्त्व : गतिमान वस्तूची प्रवृत्ती बाह्य प्रेरणा लागू होईपर्यंत त्याच गतीने व त्याच दिशेने जात राहण्याची असते. हा निरूढीचा नियम गाडीत बसलेल्या व्यक्तीलाही लागू आहे. गाडी भिंतीवर आदळून थांबली, तरी आतील व्यक्ती गाडीच्या मूळ वेगानेच पुढे जात राहते. त्यामुळे एका अपघातात वस्तुतः तीन धडका होतात : पहिली गाडीची अडथळ्याशी, दुसरी व्यक्तीच्या शरीराची गाडीच्या अंतर्भागाशी आणि तिसरी मेंदू, हृदय, यकृत, प्लीहा इ. अंतर्गत इंद्रियांची शरीराच्या पोकळ्यांच्या भित्तींशी. सुरक्षापट्टा व वायुपिशवी यांचे कार्य दुसऱ्या व तिसऱ्या धडकेची तीव्रता कमी करणे हे आहे.

ताशी ५० किमी. वेगाने जाणाऱ्या गाडीतील ६० किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीची गतिज ऊर्जा सु. ५,८०० जूल असते. सु. १० मी. उंचीवरून, म्हणजे साधारणतः तिसऱ्या मजल्यावरून खाली पडणाऱ्या व्यक्तीला जमिनीवर आदळताना हाच वेग प्राप्त झालेला असतो. ही ऊर्जा किती अंतरात शोषली जाते, यावर शरीरावरील प्रेरणा अवलंबून असते. पट्टा बांधलेला असल्यास व्यक्ती गाडीशी जोडली जाते. गाडीचा पुढील भाग चेपत जात असता तिचा वेगही गाडीबरोबर कमी होत जातो व पट्ट्याच्या ताणल्या जाण्याने आणखी काही अंतर मिळते. असे एकूण ६० सेंमी. अंतर मिळाले, तर सरासरी मंदन गुरुत्वीय प्रवेगाच्या सु. १६ पट होते व शरीरावर सु. १ टन भाराएवढी प्रेरणा लागू होते. ही प्रेरणा मोठी असली, तरी श्रोणी, छाती व खांदा यांच्या मजबूत हाडांवर विभागली गेल्यास निरोगी प्रौढ व्यक्तीला ती सहन होते. पट्टा नसलेली व्यक्ती गाडी जवळजवळ थांबल्यावर सुकाणू चक्रावर वा पुढील फळीवर आदळते. तेथे ती केवळ ५ सेंमी. अंतरात थांबली, तर तीच प्रेरणा सु. १२ टन भाराएवढी होते. हातांनी टेकू देऊन असा आघात पेलणे अशक्य आहे. मांडीवर घेतलेल्या १० किग्रॅ. वजनाच्या मुलाला वरील १६ पट मंदनात धरून ठेवावयाचे झाल्यास सु. १६० किग्रॅ. भार पेलण्याची ताकद लागेल. आईची मिठी कितीही घट्ट असली, तरी अशा वेळी मूल हातातून निसटते. एवढेच नव्हे, तर पट्टा न बांधलेल्या आईचे शरीर व पुढील फळी यांमध्ये ते चिरडले जाण्याचाही संभव असतो.

इतिहास : कमरेभोवतीचे साधे पट्टे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून विमानांत वापरले जात होते. मोटारगाड्यांत ते उशिरा आले. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत नॅश कंपनीने १९४९ साली व फोर्ड कंपनीने १९५५ च्या सुमारास असे पट्टे देऊ केले. पण ग्राहकांनी त्यांचे विशेष स्वागत केले नाही. मानवी शरीर किती मंदन सहन करू शकते, याविषयीचे महत्त्वाचे प्रयोग अमेरिकी वायुसेनेतील वैद्यक जॉन पॉल स्टॅप यांनी स्वतःवर केले. १० डिसेंबर १९५४ रोजी रॉकेटच्या साहाय्याने रुळांवरून धावणाऱ्या घसरगाडीत स्वतःला पट्ट्यांनी बांधून घेऊन त्यांनी ताशी सु. १,०१७ किमी. वेग गाठला. ती गाडी १·४ सेकंदांत थांबविण्यात आली, तेव्हा क्षणभर त्यांच्या शरीरावर गुरुत्वीय प्रवेगाच्या ४६ पट मंदन आले. डोळ्यांना झालेली तात्पुरती इजा वगळता ते बचावले. शरीर नीट बांधलेले असेल, तर ते समजुतीपेक्षा कितीतरी मोठा आघात सोसू शकते, हे यावरून सिद्ध झाले.

केवळ कमरेभोवतीच्या पट्ट्याने धड पुढे वाकून डोके आपटते व पोटातील इंद्रियांवर ताण पडतो. हा दोष स्वीडनमधील व्होल्व्हो कंपनीचे अभियंते निल्स बोहलिन यांनी दूर केला. पूर्वी साब कंपनीत विमानातून वैमानिकाला बाहेर फेकणाऱ्या आसनांवर त्यांनी काम केले होते. त्यांनी कंबर व छाती या दोहोंना एकाच सलग पट्ट्याने बांधणारी, तीन बिंदूंशी जखडलेली व एका हाताने लावता येणारी रचना तयार केली. १९५९ साली ती व्होल्व्होच्या गाड्यांत बसविण्यात आली. कंपनीने या रचनेचे एकस्व इतर उत्पादकांना विनामूल्य खुले केले. १९६७ साली कंपनीने सु. २८,००० अपघातांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पट्टा न बांधलेल्या व्यक्ती ताशी सु. २० किमी. इतक्या कमी वेगाच्या धडकेतही मृत्यू पावल्या होत्या. पट्टा बांधलेल्यांपैकी मात्र ताशी सु. ९६ किमी. पेक्षा कमी वेगाच्या धडकेत कोणीही मृत्यू पावले नव्हते.

पट्टा गाडीत असणे व तो बांधला जाणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत १९६८ पासून नव्या मोटारींत पट्टे बसविणे सक्तीचे झाले. परंतु १९८० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतही सु. १४% लोकच ते वापरीत. पट्टा बांधण्याची सक्ती करणारा कायदा ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने सर्वप्रथम डिसेंबर १९७० मध्ये केला. ग्रेट ब्रिटनमध्ये पुढील आसनांसाठी ही सक्ती ३१ जानेवारी १९८३ पासून झाली. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याने असा कायदा १९८४ साली केला.

वायुपिशवीची कल्पना १९५० नंतरच्या काळातील आहे. अमेरिकेत जॉन हेट्रिक व जर्मनीत वॉल्टर लिंडरर यांनी स्वतंत्रपणे तिची एकस्वे १९५३ साली मिळविली. तथापि दाबाखालील हवेने पिशवी पुरेशा जलद फुगत नसे व धडक अचूक ओळखणारा संवेदकही उपलब्ध नव्हता. या दोन अडचणी पुढील दशकात सुटू लागल्या. १९७३ साली ओल्डस्मोबिल टोरोनाडो या गाडीत वायुपिशवी प्रथम सामान्य ग्राहकांस विकण्यात आली. जर्मनीतील मर्सिडीझ-बेंझ कंपनीने १९८० च्या सुमारास चालकासाठीची वायुपिशवी व पट्टा आवळणारी यंत्रणा एकत्र देऊ केली. पिशवी ही पट्ट्याला पूरक आहे, ही भूमिका तेथून पुढे रूढ होत गेली. आसनाच्या बाजूला बसविलेली पिशवी व्होल्व्होने १९९४ साली प्रचारात आणली.

पट्ट्याची रचना : आधुनिक पट्टा पॉलिएस्टर धाग्यांचा घट्ट विणलेला व सु. ४·७ सेंमी. रुंदीचा असतो. त्याचे एक टोक गाडीच्या सांगाड्याशी जखडलेले असते व दुसरे गुंडाळणीवर गुंडाळलेले असते. मध्ये सरकणारी धातूची जीभ आसनालगतच्या कुलपात अडकवितात. सावकाश ओढल्यास पट्टा मोकळेपणाने बाहेर येतो. गाडी एकदम मंदावली वा कलली, तर गुंडाळणीतील लहान लोलक किंवा गोळी सरकून दातेरी चक्राला अडकाव घालते व पट्टा जखडला जातो. पट्टा झटक्याने ओढला असताही केंद्रोत्सारी योजनेमुळे हाच परिणाम होतो. अनेक गाड्यांत याला दोन योजनांची जोड असते. धडक ओळखताच लहान स्फोटक प्रभाराच्या साहाय्याने पट्टा मागे ओढून त्याचा ढिलेपणा काढणारी ती आवळणी होय. छातीवरील ताण ठरावीक मर्यादेबाहेर जाऊ लागताच पिळल्या जाणाऱ्या दांड्याच्या साहाय्याने पट्टा थोडा सैल सोडणारी ती भारमर्यादक होय. आवळणी एकदा कार्यान्वित झाली की पुन्हा उपयोगी पडत नाही.

वायुपिशवीची रचना व कार्य : वायुपिशवी बहुधा नायलॉनाच्या कापडाची असते. चालकासाठी ती सुकाणू चक्राच्या मध्यभागी व शेजारच्या प्रवाशासाठी पुढील फळीत घडी करून ठेवलेली असते. बाजूच्या धडकेसाठी आसनाच्या कडेला, तर डोक्याच्या रक्षणासाठी खिडक्यांच्या वर पडद्यासारख्या पिशव्या बसवितात. प्रवेगमापक संवेदकांकडून येणाऱ्या संकेतांवरून इलेक्ट्रॉनीय नियंत्रक धडकेची तीव्रता ठरवितो. साधारणतः ताशी १३ ते २३ किमी. वेगाने भक्कम भिंतीवर आदळण्याइतकी तीव्र समोरील धडक असल्यास तो वायुजनकाला विद्युत् संकेत देतो. जुन्या प्रकारांत वायुजनकातील सोडियम ॲझाइडाचे अपघटन होऊन नायट्रोजन वायू निर्माण होई. या विक्रियेत तयार होणाऱ्या सोडियमाचे पोटॅशियम नायट्रेट व सिलिका यांच्या साहाय्याने निरुपद्रवी काचसदृश पदार्थात रूपांतर होत असे. सोडियम ॲझाइड विषारी असल्यामुळे नंतर ग्वानिडीन नायट्रेटासारखी संयुगे वापरात आली.

धडकेची संपूर्ण घटना ०·१ ते ०·१५ सेकंदात संपते. तीत सु. ०·०१५ ते ०·०३ सेकंदात धडक ओळखली जाते व सु. ०·०५ ते ०·०६ सेकंदापर्यंत पिशवी पूर्ण फुगते. चालकाच्या पिशवीचे घनफळ बहुधा ५० ते ६० लिटर असते. प्रवाशाची पिशवी याहून बरीच मोठी असते. व्यक्ती तीवर टेकताच मागील छिद्रांतून वायू बाहेर पडू लागतो व पिशवी हळूहळू चेपत जाते. या चेपण्यातच ऊर्जा शोषली जाते. म्हणजेच व्यक्ती फुगलेल्या पिशवीवर पडली, तर पिशवी रक्षण करते. फुगत असलेल्या पिशवीच्या वाटेत ती आली, तर ताशी ३०० किमी. पर्यंतच्या वेगाने बाहेर येणारे कापड तिच्यावर आदळते. व्यक्तीला योग्य जागी व योग्य क्षणापर्यंत रोखून धरण्याचे काम पट्ट्याचे आहे. पट्टा नसल्यास धडकेपूर्वी ब्रेक दाबताक्षणीच व्यक्ती पुढे सरकते व पिशवी फुगण्यास सुरुवात होते तेव्हा तिच्या अगदी लगत आलेली असते.

परिणामकारकता व धोके : अमेरिकेतील अनुभवावरून कंबर-खांदा पट्ट्यामुळे मोटारीतील पुढील आसनांवरील व्यक्तींच्या मृत्यूचा धोका सु. ४५% कमी होतो असे आढळले आहे. समोरील धडकांत वायुपिशवीमुळे चालकाच्या मृत्यूंत सु. २९% घट होते. गाडी उलटल्यास किंवा एकापाठोपाठ अनेक धडका बसल्यास एकदा फुगून रिकामी झालेली समोरील पिशवी उपयोगी पडत नाही; पट्टा मात्र अखेरपर्यंत व्यक्तीला आसनात धरून ठेवतो.

पिशवीच्या दुष्परिणामांचा कटू अनुभव अमेरिकेत आला. तेथे पट्टा वापरणारे थोडे असल्याने पट्टा न बांधलेल्या सरासरी उंचीच्या पुरुषाचेही रक्षण पिशवीने करावे, अशी अट नियमांत होती. त्यामुळे पिशव्या फार जोराने फुगणाऱ्या करण्यात आल्या. परिणामी १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या धडकांत पुढील पिशव्यांच्या आघाताने २९० हून अधिक मृत्यू झाल्याचा तेथील शासकीय यंत्रणेचा अंदाज आहे. त्यांतील सु. ९०% मृत्यू १९९८ पूर्वी बनविलेल्या गाड्यांत झाले. मृतांपैकी ८०% हून अधिक व्यक्तींनी पट्टा बांधला नव्हता किंवा चुकीचा बांधला होता. मृत प्रवाशांत बहुसंख्य लहान मुले होती. यानंतर पिशव्यांचा जोर कमी करण्यात आला व आसनावरील वजन, पट्ट्याची स्थिती इ. ओळखून पिशवीचा जोर ठरविणाऱ्या यंत्रणा प्रचारात आल्या. जपानमधील टाकाटा कंपनीच्या अमोनियम नायट्रेटयुक्त वायुजनकांत निराळा दोष आढळला. उष्ण व दमट हवेत दीर्घकाळ राहिल्याने त्यांतील द्रव्य बिघडून धातूचे कवच फुटत असे व त्याचे तुकडे व्यक्तीला लागत. त्यामुळे जगभर कोट्यवधी वायुजनक परत मागवावे लागले. भारतातही अशा गाड्या होत्या. उत्पादकाकडून आलेली परत मागविण्याची सूचना दुर्लक्षिणे म्हणूनच धोक्याचे असते.

योग्य वापर : पट्ट्याचा खालचा भाग पोटावर न येता मांड्यांच्या वर, श्रोणीच्या हाडांवर घट्ट बसावा. पोटावर असलेला पट्टा धडकेत आतडी, यकृत व मेरुदंड यांना इजा करतो. वरचा भाग जत्रू व उरोस्थी यांवरून तिरका जावा. तो मानेला घासू नये किंवा खांद्यावरून निसटू नये. काखेखालून वा पाठीमागून घेतलेला पट्टा फासळ्या मोडण्यास कारणीभूत होतो. पट्ट्यात पीळ नसावा व जाड कोट वा शाल यांमुळे ढिलेपणा राहू नये. आसनाची पाठ फार मागे कललेली असल्यास धडकेत शरीर पट्ट्याखालून पुढे घसरते. म्हणून चालत्या गाडीत पुढील आसनावर आडवे होऊन झोपणे टाळावे. गरोदर स्त्रियांनीही पट्टा बांधावाच. त्याचा खालचा भाग पोटाच्या फुगवट्याखाली व वरचा भाग स्तनांच्या मधून आणि पोटाच्या बाजूने घ्यावा.

चालकाची उरोस्थी व सुकाणू चक्राचे केंद्र यांत किमान २५ सेंमी. अंतर असावे. चक्र दोन्ही बाजूंनी, घड्याळातील नऊ व तीन या आकड्यांच्या जागी धरावे. चक्राच्या मध्यावरून हात आडवा टाकून गाडी चालविल्यास फुगणारी पिशवी तोच हात तोंडावर आदळविते. पुढील प्रवाशाने आसन शक्य तितके मागे घ्यावे व पाय फळीवर ठेवू नयेत. फळीवर पिशवीच्या झाकणावर चिकटविलेली देवाची मूर्ती, अत्तराची कुपी किंवा भ्रमणध्वनीचा आधार या वस्तू पिशवी फुगताच प्रक्षेप्याप्रमाणे उडतात. बाजूच्या पिशव्या असलेल्या आसनांना त्यांची वाट अडविणारी आवरणे घालू नयेत.

मुलांसाठी प्रौढांचा पट्टा योग्य नसतो, कारण त्यांची श्रोणी लहान असते व पट्टा पोटावर आणि मानेवर येतो. तान्ह्या मुलांना मागे तोंड करून बसविण्याच्या खास आसनात बांधावे. हे आसन कार्यरत वायुपिशवीसमोर कधीही ठेवू नये. पिशवी आसनाच्या पाठीवर, म्हणजे नेमकी मुलाच्या डोक्यामागे आदळते. त्याहून मोठ्या मुलांना स्वतंत्र पट्ट्यांच्या आसनात व नंतर उंची वाढविणाऱ्या बैठकीवर बसवून पट्टा बांधावा. सु. १३ वर्षांपर्यंतच्या मुलांना मागील आसनावर बसविणे श्रेयस्कर असते. दोघांनी मिळून एकच पट्टा बांधणे किंवा आपल्या पट्ट्यात मांडीवरील मुलाला घेणे अत्यंत धोक्याचे आहे.

मागील आसन सुरक्षित असल्याने तेथे पट्ट्याची गरज नाही, हा समज चुकीचा आहे. पट्टा न बांधलेला मागील प्रवासी स्वतः इजा पावतोच, शिवाय पुढील आसनावर आदळून तेथील पट्टा बांधलेल्या व्यक्तीलाही चिरडतो. जपानमधील अपघातांवरून २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अशा स्थितीत पुढील व्यक्तींच्या मृत्यूचा धोका सु. पाचपट झाल्याचे आढळले. गाडी पेटल्यास किंवा पाण्यात पडल्यास पट्ट्यामुळे अडकून पडू, ही भीतीही अनाठायी आहे. असे अपघात विरळा असतात व त्यांतही पट्ट्यामुळे शुद्धीवर राहिलेली व्यक्तीच कुलूप उघडून बाहेर पडू शकते.

भारतातील स्थिती : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार चालक, पुढील आसनावरील व्यक्ती व पुढे तोंड असलेल्या मागील आसनांवरील व्यक्ती यांनी गाडी चालू असता पट्टा बांधणे बंधनकारक आहे. २०१९ च्या सुधारणा अधिनियमाने पट्टा न बांधल्यास १,००० रु. दंड ठरविला. चौदा वर्षांखालील मुलाला पट्ट्याने वा बालआसनात न बांधल्यासही तेवढाच दंड ठेवण्यात आला. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी वायुपिशवी व पुढील आसनांसाठी पट्ट्याची आठवण देणारा ध्वनिसंकेत सक्तीचा झाला. शेजारच्या प्रवाशासाठी पिशवीची सक्ती नव्या नमुन्यांना एप्रिल २०२१ पासून लागू झाली व नंतर ती जुन्या नमुन्यांनाही लागू करण्यात आली. सहा पिशव्यांच्या सक्तीचा २०२२ मधील प्रस्ताव मात्र अंमलात आला नाही. गाड्यांची धडक-चाचणी घेऊन तारांकन देणारी भारतीय योजना ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झाली.

केंद्र शासनाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात पट्टा न बांधलेल्या १६,७१५ व्यक्ती रस्ते अपघातांत मृत्यू पावल्या; त्यांत ८,३८४ चालक व ८,३३१ प्रवासी होते. त्याच वर्षी ४ सप्टेंबर रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री व त्यांच्याबरोबर मागे बसलेले एक प्रवासी मृत्यू पावले. पुढील दोघे जखमी होऊन बचावले. मागील दोघांनी पट्टे बांधलेले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. गाडी सर्व आधुनिक साधनांनी सुसज्ज असूनही पट्ट्याची उणीव भरून निघत नाही, ही गोष्ट या घटनेने सर्वांसमोर आली. त्यानंतर मुंबईत नोव्हेंबर २०२२ पासून सर्व प्रवाशांसाठी पट्ट्याच्या नियमाची अंमलबजावणी सुरू करण्यात आली. पट्टा न बांधता केवळ कुलपात अडकवून ध्वनिसंकेत बंद पाडणाऱ्या चिमट्यांची विक्री थांबविण्याचे आदेश केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ साली काही ऑनलाइन विक्रेत्यांना दिले. गाडीच्या पुढे बसविण्यात येणाऱ्या लोखंडी दांड्यांवर केंद्र शासनाने डिसेंबर २०१७ मध्ये बंदी घालण्याचे निर्देश दिले. त्यांमुळे धडकेचा आघात चेपणाऱ्या भागाऐवजी सरळ सांगाड्याकडे जातो व संवेदकांच्या कार्यातही व्यत्यय येऊ शकतो.

निगा : पट्ट्याचे धागे विसविशीत झाले असल्यास, तो मोकळेपणी गुंडाळला जात नसल्यास किंवा गाडीला मोठी धडक बसली असल्यास तो बदलावा. पट्टा सौम्य साबणाच्या पाण्याने पुसावा; विरंजक द्रव्याने धागे दुबळे होतात. वायुपिशवी एकदाच वापरता येते. फुगलेली पिशवी पुन्हा घडी करून बसविणे किंवा तिच्या जागी नुसते झाकण लावणे ही फसवणूक असून जुनी गाडी घेताना याची खात्री करून घ्यावी. गाडी सुरू केल्यावर पिशवीचा सूचक दिवा काही सेकंदांनी विझला पाहिजे; तो जळत राहिल्यास यंत्रणेत बिघाड असतो व धडकेच्या वेळी पिशवी फुगेलच असे नाही. दुरुस्तीचे काम विद्युत् घटमाला सोडवून व उत्पादकाने सांगितलेला वेळ थांबून प्रशिक्षित व्यक्तीनेच करावे. पिशवी फुगल्यावर गाडीत पसरणारी पांढरी भुकटी म्हणजे आगीचा धूर नव्हे. तिच्यामुळे डोळे व श्वसनमार्ग यांना दाह होत असल्याने शक्य होताच बाहेर पडून तोंड व हात धुवावेत.